शिस्तभंगाबद्दल प्रोबेशनवर ठेवलं, तर तो डाग कायमचा राहतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वसतिगृहातल्या भांडणावरून कॉलेजने एका सत्रासाठी प्रोबेशनवर ठेवलंय, तर करिअरवर कायमचा डाग लागला का? आणि पुढे नोकरीत असं झालं तर नियम वेगळे असतात का? मी एचआरमध्ये शिस्तभंगाची प्रकरणं हाताळतो, मधली काही वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या शिस्तपालन समितीवरही होतो.

आधी घोळ मिटवू. नोकरीत कायम होण्याआधीचं प्रोबेशन वेगळं, गुण घसरल्यामुळे लागणारं वेगळं. तुमचं तिसऱ्या प्रकारचं आहे: दोष सिद्ध झाला, पण निलंबित न करता अटी घालून ठेवून घेतलं.

या काळात माणूस बहुतेक वेळा मूळ प्रकरणामुळे बाहेर जात नाही, दुसऱ्या एखाद्या फुटकळ गोष्टीमुळे जातो. रात्री उशिरा परतणं, रेक्टरशी हुज्जत, असलं काहीतरी. एरवी तोंडी समज देऊन विषय संपला असता. पण समितीपुढे फाईल उघडते तेव्हा वरच तुमचं जुनं पत्र असतं आणि चर्चा ‘काय केलं’ यावरून ‘पत्र मिळूनही केलं’ यावर सरकते. तिथून प्रकरण वाचवणं अवघड.

म्हणून ते पत्र परत वाचा. मुदत कधी संपते, अटी कोणत्या, मोडल्या तर काय होणार, अपील किती दिवसांत करायचं. ‘वर्तन समाधानकारक ठेवावे’ असं मोघम वाक्य असेल, तर समाधानकारक म्हणजे काय आणि ते ठरवणार कोण, हे मेलवर विचारा. उत्तर तोंडीच मिळालं, तर ‘आज आपलं बोलणं झालं त्यानुसार...’ अशी सुरुवात करून तेच लिहून पाठवा. कागद दिलात तर पोच घ्या.

अपिलाची मुदत तुटपुंजी असते आणि मुलं ती रुसण्यात घालवतात. अपील म्हणजे ‘मी काहीच केलं नाही’ एवढंच नव्हे. बाजू मांडू दिली नाही, नवा पुरावा मिळाला, शिक्षा जास्त झाली, हीही कारणं असतात. बाजू ऐकून घेण्याला मोठं महत्त्व आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात म्हटलं की सरकारी शाळेतून दहा दिवसांपर्यंत निलंबित करायचं असलं तरी विद्यार्थ्याला आरोप सांगून त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे.

डागाचं म्हणाल तर गुणपत्रक आणि शिस्तीची फाईल सहसा वेगळी असते. तुमच्या प्रोबेशनची नोंद नेमकी कुठे आणि किती काळ राहील, हे कार्यालयात विचारून घ्या. पुढे कुठल्या अर्जात प्रश्न आला, तर आधी त्याचे शब्द बघा. ‘निलंबन झालं होतं का’ आणि ‘कोणतीही शिस्तभंगाची कारवाई झाली होती का’ या प्रश्नांची तुमची उत्तरं वेगळी आहेत. खोटं मात्र लिहू नका. भांडण माफ होतं, लपवाछपवी सहसा होत नाही.

नोकरीत तत्त्व हेच, फक्त पगारवाढ, बढती, अंतर्गत बदली त्या काळात अडकू शकते. ब्रिटनमध्ये पहिली लेखी ताकीद साधारण सहा महिने आणि अंतिम ताकीद बारा महिने ‘जिवंत’ ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या पत्रात अशी मुदतच नसेल तर ती मागून घ्या. आणखी एक: काही मॅनेजर कामातल्या उणिवा आणि गैरवर्तन एकाच पत्रात कोंबतात. कामासाठी सुधारणा-योजना हवी, वर्तनासाठी ताकीद. दोन्ही वेगळं करून मागा, नाहीतर टार्गेट गाठूनही ‘वर्तन’ शिल्लक राहतं.

मुदत संपली की कुणी आपणहून कळवत नाही. ‘माझं प्रोबेशन अमुक तारखेला संपलं, कृपया तशी नोंद करून कळवावं’ असा एका ओळीचा मेल टाका आणि उत्तर आलं की जपून ठेवा. नवा रेक्टर किंवा नवा मॅनेजर येतो, तेव्हा त्याच्या हाती जुनीच यादी असते.