'ग्राउंड ट्रुथ'ला 'भूसत्य' म्हणावं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाहून एका विद्यार्थ्याचा प्रश्न आलाय. कपाशीच्या फोटोतली बोंडं संगणकाने नीट वेगळी काढली का, हे तो तपासतोय. अहवाल मराठीत लिहायचाय. संगणकाचं उत्तर ज्या खऱ्या मानलेल्या उत्तराशी ताडतात, त्या 'ग्राउंड ट्रुथ'ला 'भूसत्य' चालेल का?

या कामासाठी चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. विमानातून, उपग्रहातून घेतलेल्या चित्रांच्या अभ्यासात तो शब्द शोभतो. चित्रात कपाशीचं दिसणारं वावर खरंच कपाशीचं आहे का, हे तिथे जाऊन बघता येतं. बोंडाच्या फोटोत मात्र पडताळा घेतात तो माणसाने त्याच फोटोवर हाताने काढलेल्या रेषांशी. आणि माणसांच्या रेषा सारख्या नसतात. वेचणीला जाणारी बाई फुटलेल्या बोंडातला पांढरा कापूस तेवढा घेरेल, खाली लोंबतो त्यासकट. बोंडअळी शोधणारा वाळल्या टरफलासह अख्खं बोंड धरेल. फवारणीवाल्याला सगळी पऱ्हाटीच एक भाग वाटेल. यात चुकलं कोण? धुऱ्याचं भांडण सरकारी मोजणीने तरी मिटतं. फोटोची तशी मोजणी कुठेच नसते.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ जितेंद्र मलिक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हेच दाखवून दिलं. एकेका चित्रावर त्यांनी अनेकांकडून रेषा काढून घेतल्या. लोकांचे फरक बहुतेक बारकाव्याचे निघाले: एकाने जो भाग सलग ठेवला, त्याचेच दुसऱ्याने तुकडे पाडले. त्यांच्या पुढच्या ५०० चित्रांच्या संचात संगणकाच्या कडा या सगळ्या माणसांच्या कडांशी ताडतात. पूर्ण जुळल्या तर गुण १. पण माणसाची आखणी इतर माणसांशी ताडली, तरी गुण ०.८ च्या आसपासच येतात! याला 'सत्य' कसं म्हणायचं?

म्हणून मी 'मानवी आखणी' सुचवतो. वाक्यात बसवून बघा: 'संगणकाची आखणी तिघांच्या मानवी आखणीशी ताडून पाहिली.' कुठे अडखळत नाही. आखणाऱ्यांना काय सांगितलं होतं, कापूस घेरा की बोंड, तेही अहवालात लिहाच. त्याशिवाय गुणांना अर्थ नाही.

चित्रातले भाग असे वेगळे काढण्याला इंग्रजीत 'सेगमेंटेशन' म्हणतात; त्याला 'विभाजन' पुरे. 'खंडन' नको, त्याने मुद्दा खोडल्यासारखं वाटतं.

उद्या उपग्रहाच्या चित्रावर काम केलंत, तर तिथे 'भूसत्य' चालेल, पण त्याहून सोपा शब्द आहे. 'प्रत्यक्ष पाहणी' म्हणा. पीकपाहणी गावात सगळ्यांना ठाऊक आहे.