चिचुंद्रीला राहू द्या, गळलेले पंख मात्र जपून ठेवा

तुम्ही लिहिलंय की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या लाकडी घरात भाड्याने राहायला आलात आणि आठवडाभरात तीन पाहुणे दिसले. ओट्याखालून भिंतीच्या कडेने पळणारा लांब तोंडाचा 'उंदीर', न्हाणीघरात पंजाएवढा कोळी, आणि पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या मुंग्यांचा थवा. तिघांसाठी मिळून एकदाच औषध मारून घेऊ का, असं विचारलंय. नका घेऊ. पहिल्या दोघांपासून तुम्हाला फारसा त्रास नाही, आणि तिसरा वाळवी निघाला तर ते औषध त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

तोंड सोंडेसारखं पुढे आलेलं, डोळे मोहरीएवढे, पळताना चिक्‌चिक्‌ आवाज आणि मागे उग्र वास, ही चिचुंद्री. शेजारच्या बेन छछुंदर म्हणतात ती हीच. ती उंदराच्या कुळातली नाही. उंदराचे पुढचे दात सतत वाढतात म्हणून तो दिसेल ते कुरतडतो. हिला तशी गरज नसते. ही झुरळं आणि किडे खाते. गोंदाचा ट्रे ठेवू नका, फार वाईट मरण येतं त्यात. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, अन्न झाकून ठेवा आणि तिला हातात धरू नका, एवढं पुरे. वायर किंवा साबण कुरतडलेला दिसला, अर्धा इंच लांबीच्या लेंड्या सापडल्या, तर मात्र उंदीर आहे असं समजा.

कोळ्याचंही तसंच. जाळं न विणता भिंतीला सपाट चिकटून बसणारा हा तपकिरी कोळी रात्री झुरळं धरतो. पोटाखाली चपटी पांढरट पुडी दिसली तर ती मादी, आणि पुडीत अंडी. चिरडायला गेलात तर चावेल आणि दुखेल, एरवी तोच पळ काढतो. वरून डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडून द्या.

आता ते पंखवाले. माझा जीव इथे अडकतो, कारण आमच्याकडे ओळखण्यात चूक झाली होती. रावपुऱ्यातल्या आमच्या घरी असाच थवा निघाला. औषधवाल्याला बोलावलं, त्याने लांबूनच 'पंखवाल्या मुंग्या' म्हणून सांगितलं, भिंतीवर फवारा मारला आणि पैसे घेऊन गेला. दिवाळीच्या साफसफाईत सासऱ्यांच्या पदवीच्या प्रमाणपत्राची फ्रेम उतरवली. समोरून काच स्वच्छ. मागचा पुठ्ठा काढला तर आत ओली माती लिंपलेली, आणि कागदाचा उरला होता फक्त शिक्का असलेला कोपरा. सासूबाई ती फ्रेम मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होत्या.

म्हणून सांगते, केर काढताना गळालेले पंख फेकू नका, वाटीत ठेवा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि शरीरापेक्षा बरेच मोठे असतात. मुंगीची पुढची जोडी मोठी, मागची लहान. अख्खा किडा सापडला तर भिंगाखाली धरा. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवीला कंबरच नाही, मिशा सरळ, बारीक मणी ओवल्यासारख्या.

वाळवी असली तरी लगेच घाबरू नका. पावसाच्या संध्याकाळी ती बाहेरच्या जमिनीतून निघून दिव्यावर येते. पुढच्या वेळी दिवा बंद करा, खिडक्या लावा आणि बॅटरी घेऊन बघा. चौकटीच्या फटीतून किंवा फरशीच्या सांध्यातून बाहेर पडत असली, तर घर तिथेच आहे. उडणारी वाळवी ही नवा संसार थाटायला निघालेली असते. लाकूड खाणाऱ्या कामकरी आतच राहतात, उजेड टाळून मातीच्या बोगद्यातून ये-जा करतात. त्यामुळे भिंतीवरचा फवारा किंवा रॉकेल त्यांना लागत नाही. भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर मधला बोटभर तुकडा मोडा. दोन-तीन दिवसांत पुन्हा लिंपला गेला तर आत जिवंत वाळवी आहे. चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, पोकळ आवाज आला तर तीही खूण धरा.

मग घरमालकांशी बोला. उधईची, म्हणजे वाळवीची, खरी ट्रीटमेंट म्हणजे भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण फूटभर अंतरावर भोकं पाडून जमिनीत औषध सोडणं. बांधलेल्या घरांसाठी आयएस ६३१३, भाग ३ हे भारतीय मानक आहे. येणाऱ्या माणसाला त्याप्रमाणे काम करणार का, हे आधी विचारा. तोवर पुस्तकं, फोटो आणि कागद भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात हलवा.

पंख नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा आणि इथेच टाका, बघून सांगते.