आईचं घरीच करतोय. अशा वेळी संशोधनात भाग घेऊन काय उपयोग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई शेवटच्या टप्प्यात आहे, घरीच आहे, तिचं सगळं तुम्ही एकटे करता आणि एका संशोधक गटाने ‘आमची प्रश्नावली भराल का, तासभर मुलाखत द्याल का’ असं विचारलंय. इथे धड अंघोळीला वेळ मिळत नाही, त्यात हे कशाला, आणि असल्या संशोधनाने आजवर कुणाचं भलं झालंय?

झालंय. माझं झालंय, म्हणून लिहिते. पण आधी एक सांगते, जमत नसेल तर बेलाशक नाही म्हणा. नकाराचं कारण द्यावं लागत नाही, त्यामुळे आईच्या उपचारांत काही फरक पडता कामा नये, आणि हो म्हणून चार दिवसांनी अंग काढून घेतलं तरी चालतं. यात कुणाचे उपकार नाहीत, माणसांवरच्या संशोधनाचे नियमच तसे आहेत.

मी वडिलांचं केलं, चौदा महिने. त्यातले शेवटचे पाच ते अंथरुणालाच खिळून होते. आपण साधं ‘करणं’ म्हणतो. मला आलेल्या कागदावर ‘अवैतनिक काळजीवाहक’ असं छापलेलं होतं आणि हे माझ्याबद्दल आहे हे कळायला मला तो दोनदा वाचावा लागला. आत २२ प्रश्न, प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत पाच पर्याय. (स्टीव्हन झॅरिट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८० मध्ये २९ प्रश्नांची यादी केली होती, तिचीच ही पुढे आटोपशीर केलेली आवृत्ती. जगभर ही वापरली जाते.) यांच्यामुळे स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, यांचा राग येतो का, असं सगळं. मी बाबांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून खुणा करत होते. ते डोळे मिटून पडलेले. आदल्या रात्री तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले होते आणि ते हळूच ‘चुकलं गं’ म्हणाले होते. रागाच्या प्रश्नापुढे मी ‘कधीच नाही’वर खूण केली. मग बाकीचाही कागद तसाच भरला, खोटा.

तेव्हापासून असल्या अभ्यासांतले ताणाचे आकडे मी मनात थोडे वाढवूनच वाचते. शिवाय सगळ्यांत दमलेली माणसं त्यांत सापडतच नाहीत. ती एक तर नाही म्हणतात, नाहीतर ‘या घराला आणखी त्रास नको’ म्हणून डॉक्टर-नर्सच त्यांच्यापर्यंत कागद पोचू देत नाहीत. हेतू चांगला असतो, पण मोजणीतून वगळली जातात नेमकी तीच.

आता भलं कसं झालं ते. बाबा गेले त्या पहाटे मला सगळ्यांत आधी जे वाटलं ते मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. हलकं वाटलं. त्या रात्री गजर न लावता झोपले. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, ‘सुटले बिचारे’. गेलेल्या माणसाबद्दल असं म्हणायची सोय आपल्या भाषेत आहे, ‘मी सुटले’ म्हणायची नाही. आपण मुलगी म्हणून कुठेतरी कमी पडलो, असं काहीतरी आत रुतून बसलं होतं.

मग एक अभ्यास वाचनात आला. २००३ सालचा, रिचर्ड शुल्झ आणि सहकाऱ्यांचा, अमेरिकेतला. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं घरी करणारे २१७ जण, मृत्यूच्या आधीही आणि नंतरही ज्यांची विचारपूस केली होती. त्यांतले निम्मे जण आठवड्याचे ४६ तास किंवा त्याहून जास्त याच कामात. आपलं माणूस सुटलं असं ९० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं. आणि त्या मृत्यूने आपलीही सुटका झाली असं सांगणारे होते ७२ टक्के. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि पहिल्यांदा नीट रडले. त्याच लोकांचं नैराश्य वर्षभरात, करत असतानाच्या काळापेक्षाही खाली आलेलं होतं. कुणीतरी त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं म्हणून तो ७२ चा आकडा माझ्यापर्यंत पोचला. मी दिलं नव्हतं.

‘करणारा आधी जातो’ हेही तुमच्या कानावर आलं असेल. १९९९ च्या एका अभ्यासात वयस्कर जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता त्यांच्यात चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला होता. तो आकडा सगळीकडे फिरतो. त्याच अभ्यासात, जे करत होते पण ताण जाणवत नाही म्हणाले, त्यांचा धोका वाढलेला नव्हता. हे मात्र कुणी सांगत नाही. उलट २०१३ मध्ये साडेतीन हजार करणाऱ्यांची तशाच इतर माणसांशी जोड्या लावून तुलना केली, तर करणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी दिसलं. मी यातून एवढंच घेते की करण्याने माणूस मोडत नाही, ते एकट्यावर पडलं की मोडतो.

म्हणून तुमच्याकडे आलेला कागद कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा. एक जात झॅरिटची, तुमच्यावर किती ओझं आहे ते मोजणारी. ती संशोधकाच्या कामाची. दुसरी जात तुमच्या कामाची. इंग्लंडमध्ये गेल एविंग आणि गुन ग्रांडे या दोघींनी, ज्यांचं माणूस नुकतंच गेलं होतं अशा घरच्यांना बोलतं करून १४ मुद्द्यांची यादी तयार केली. ओझं किती हे ती विचारतच नाही. कशात आणखी मदत हवी, एवढंच विचारते. आजार समजून घ्यायला? औषधं द्यायला? काळजी वाटली तर कुणाला फोन करायचा ते कळायला? पुढे काय काय होणार ते? रात्रीची झोप? दिवसा थोडी उसंत? पैशाची, नोकरीची, कागदपत्रांची भानगड? आईशी तिच्या आजाराबद्दल बोलायचं कसं? ऑस्ट्रेलियात घरपोच सेवा देणाऱ्या एका संस्थेत ही पद्धत वापरून पाहिली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, घरी करणाऱ्या ३२२ जणांवरचे, आणि त्यांचा ताण कमी झालेला दिसला. फरक काही अफाट नव्हता, पण खर्च तरी काय, एक कागद आणि शांतपणे ऐकून घेणारा एक माणूस.

माझ्याकडे तो दुसरा कागद आला तेव्हा मी बाकीचे तेराही खाने ‘नको’ म्हणून सोडले आणि फोनच्या मुद्द्यावर अडले. नर्सने औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर जाड पेनाने नंबर लिहिला आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. मी तो दोनदाच फिरवला. पण रात्री दोन वाजता श्वासाची लय बदलली की नजर आधी त्या खोक्याकडे जायची.

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीची, गरज असलेल्या दर शंभरांतल्या जेमतेम चौदा जणांपर्यंत ती पोचते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा असा कागद घेऊन कुणी येईल याची वाट बघू नका. वरचे मुद्दे वहीत उतरवा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर तीच वही उघडा.

एक गोष्ट मला वेळेवर कळली नाही, ती तुम्हाला सांगून ठेवते. शेवटच्या आठवड्यात बाबांनी पाणी सोडलं. मी चमच्याने घालत राहिले, ते खोकत राहिले, ओठांच्या कडेने पाणी उशीवर. ‘उपाशी-तहानलेलं मारलं’ हे आयुष्यभर डोक्यावर बसणार अशी भीती. सलाईन लावा म्हणून मी भांडलेसुद्धा. २०१३ मध्ये एदुआर्दो ब्रुएरा यांच्या गटाने नेमकं हेच तपासलं होतं. शेवटच्या टप्प्यातले कॅन्सरचे १२९ रुग्ण, काहींना रोज एक लिटर सलाईन, बाकीच्यांना नावापुरतं १०० मिलिलिटर, कुणाला किती ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. त्रासात फरक नाही, जगण्याच्या दिवसांत फरक नाही. आईचा आजार वेगळा असेल तर तिच्या डॉक्टरांना जरूर विचारा. पण शरीर बंद होत चाललं की तहान भागवण्यापेक्षा तोंड ओलं ठेवणं हाच मोठा आराम असतो. ओला स्पंज जिभेवरून, हिरड्यांवरून हलकेच फिरवायचा, ओठांना मलम. हे मला शेवटच्या दोन दिवसांत कळलं. बाबा स्पंज चोखायचे.

तसंच घरघर. ती लागली की खोलीतल्या सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. घशातला स्राव खोकून काढायची ताकद उरलेली नसते, म्हणून आवाज येतो. तोवर शुद्ध बहुतेक हरपलेली असते, त्यामुळे त्रास ऐकणाऱ्याला जास्त होतो. कुशीवर वळवलं की आवाज बराच कमी होतो. औषधंही आहेत, आधी बोलून ठेवा.

तर, भाग घ्यायचा का? तुम्हाला झेपत असेल तर घ्या, पण तुमच्या अटींवर. तासभराऐवजी वीस-वीस मिनिटं फोनवर चालतील का विचारा. आई गेल्यानंतर काही महिन्यांनी बोललं तर चालेल का, हेही विचारा. पुष्कळ अभ्यास तसेच होतात. निष्कर्ष आले की आम्हालाही साध्या भाषेत कळवा, असं लिहून घ्या. आणि त्यांच्यातल्या कुणी ‘तुमचं कसं चाललंय’ म्हटलं, तर आईची तब्येत सांगू नका. ते तुमच्याबद्दल विचारतायत.

फॉर्म भरताना मात्र आईच्या खोलीत बसू नका.