मांडवी पावसाळ्यात एवढी तांबडी होते, मग सह्याद्रीचा गाळ गोव्यासमोरच्या समुद्रात डोंगराएवढा का साचलेला नाही?

तुम्ही विचारलंय की घाट एवढा जवळ, पाऊस एवढा, तरी गाळाचे सगळ्यात जाड थर बंगालच्या उपसागरात कसे? डोंगर कुठे आहे यापेक्षा जमीन कुठल्या बाजूला कलली आहे, याला जास्त महत्त्व आहे.

सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि 6 कोटींहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी सेशेल्स आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटले. भूखंड असा फाटतो तेव्हा समुद्राकडचे तुकडे पायऱ्यांसारखे खचतात, फाटीचा काठ वर उचलला जातो आणि मागची जमीन उलट्या दिशेला उतरते. म्हणून कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम 65 किलोमीटरवर उगम पावते आणि जाते पूर्वेला. दख्खनचा बराच गाळ तिच्या आणि गोदावरीच्या वाटेनं शेजारचा समुद्र सोडून लांबच्या समुद्रात पडतो. आपल्याकडे उरतात मांडवी-जुवारीसारख्या आखूड नद्या. उपसागरातला सगळ्यात जाड गाळ मात्र हिमालयाचा.

त्याच हिमालयाचा गाळ सिंधूच्या वाटेनं आपल्या बाजूलाही येतो. 2015 साली समुद्रतळ खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहीम 355 मध्ये लक्ष्मी द्रोणीत (अरबी समुद्राच्या तळावरच्या खोलगट भागात), किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, सुमारे 3,600 मीटर पाण्याखाली छिद्रं पाडली, तेव्हा गाळ मुख्यतः सिंधूचा निघाला.

थर कुणाचा हे चिकणमातीतल्या खनिजांवरून कळतं. दख्खनच्या बेसॉल्टमधून स्मेक्टाइट येतं, गोव्याच्या जांभ्यातून केओलिनाइट, सिंधूकडून इलाइट आणि क्लोराइट. नमुन्यातला चुना विरल अ‍ॅसेटिक आम्लानं काढा. हायड्रोक्लोरिक वापरलंत तर क्लोराइटही विरघळू लागतं आणि सिंधूचा वाटा खोटा कमी दिसतो. मग 2 मायक्रॉनहून बारीक भाग निवळून काचपट्टीवर बसवा आणि क्ष-किरण विवर्तन (खनिजाच्या थरांमधलं अंतर आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणारी चाचणी) तीनदा घ्या: नुसता वाळवून, ग्लायकॉलच्या वाफेत ठेवून, 550 अंश सेल्सिअसला तापवून. ग्लायकॉलनं स्मेक्टाइट फुगून त्याचं शिखर 17 अँगस्ट्रॉमवर (मिलिमीटरच्या कोटीव्या भागाचं एकक) जातं. केओलिनाइट आणि क्लोराइट दोघांची शिखरं 7 च्या आसपास एकमेकांवर चढतात. तिथे नवशिके हमखास फसतात. तापवल्यावर केओलिनाइट मोडतं, क्लोराइटचं 14 चं शिखर टिकतं. न तापवलेल्या नमुन्यात 3.58 (केओलिनाइट) आणि 3.54 (क्लोराइट) ही शिखरांची जोडी वेगळी होते का पाहा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. जाड थर दिसला की लोक लगेच 'डोंगर वेगानं उचलला गेला' म्हणतात. जोरदार मान्सून किंवा खाली गेलेली समुद्रपातळीही तेवढाच गाळ आणते. कधी उतारच कोसळतो: याच मोहिमेच्या छिद्रांत नटराज नावाचं समुद्राखालचं भूस्खलन लागलं, सुमारे 1.08 कोटी वर्षांपूर्वीचं, एका छिद्रात तीनशे मीटरांहून जाड. ते सरासरीत धरलंत तर गाळ साचण्याचा वेग निरर्थक ठरतो. आधी असा थर वगळा, मग वजनानं दबलेल्या थरांची मूळ जाडी सच्छिद्रतेवरून काढा, आणि त्यानंतरच वेग मोजा.