वाचकांचे प्रश्न: पार्टीला गाडी न्यायचीच कशाला?

प्रश्न: दादा नमस्कार, माझे मिस्टर हिंजवडीत आयटीत आहेत. महिन्यातून दोनदा तरी टीमची पार्टी असते, कोरेगाव पार्क नाहीतर बाणेरला, आणि हे स्वतःची गाडी घेऊन जातात. विचारलं की म्हणतात दोनच पेग घेतो, मला चढत नाही, हळू चालवतो. कॅब करा म्हटलं तर म्हणे सकाळी गाडी आणायला कोण जाणार, आणि रात्री कॅब मिळत नाही, मिळाली तर भाडं दुप्पट. लिफ्टचा आवाज येईपर्यंत मला झोप लागत नाही. ह्यांना कसं समजावू? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर: ताई, मी सहा वर्षं पुण्यात रात्रीची कॅब चालवली आहे, संध्याकाळी सातला लॉगिन आणि पहाटे चारला घरी, त्यामुळे तुमचे मिस्टर ज्या दारातून बाहेर पडतात त्याच दाराबाहेर मी उभा असायचो. तिथे काय दिसायचं सांगतो. राईड येते, मी गेटपाशी पोचतो, साहेब बाहेर येतात, मोबाईलवर भाडं बघतात, मग हात आपोआप खिशात जातो आणि इकडे माझी राईड कॅन्सल. मान वर करून बघावं तर साहेब स्वतःची गाडी मागवायला व्हॅलेवाल्याला, म्हणजे गाड्या पार्क करणाऱ्याला, टोकन देतायत. असं एकदा नाही, दर शनिवारी. प्यायल्यावर कॅबने घरी जाणारी माणसं बहुतेक तीच असायची ज्यांनी गाडी आणलेलीच नसायची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय रात्री एक वाजता बारच्या दारात होत नाही, तो संध्याकाळी सात वाजता घरात घ्यायचा असतो. जाताना पण कॅबनेच जायचं. मग सकाळी गाडी कोण आणणार हा प्रश्नच राहत नाही.

आता दोन पेगचं बघू. लार्ज पेग ६० मिलीचा, आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम एवढंच साफ करतं, मग कॉफी प्या, लिंबूपाणी प्या नाहीतर थंड पाण्याने आंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही. दोन लार्जना चार ते सहा तास लागतात. तीन झाले आणि बारा वाजता थांबले तर सकाळी सातला ऑफिसला निघताना पण रक्तात थोडी असू शकते, हे कोणी लक्षातच घेत नाही. आणि बिअरने काय होतंय म्हणणाऱ्यांनी ऐका, स्ट्राँगची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे जवळपास दोन लार्जच झाले!

कायद्यात मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला दोन लार्ज झाल्यावर ती आरामात ओलांडते, चढल्यासारखं वाटो की न वाटो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम पण विमा कंपनी नाकारू शकते. ह्या हिशोबापुढे कॅबचे चारशे-पाचशे, अगदी सर्ज, म्हणजे गर्दीच्या वेळचं वाढीव भाडं, लागून हजार झाले तरी जास्त वाटू नयेत.

हळू चालवतो हे तर मला अजिबात पटत नाही. दारूने आधी अंदाज जातो, समोरची बाईक किती लांब आहे, ब्रेक कधी मारायचा, आणि अंदाज गेलाय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची रात्र पुण्यात कोण विसरलंय? पबमधून निघालेली ती पॉर्श, आणि बाईकवरचे दोघं तरुण इंजिनिअर गेले. ती दोघं आपल्या घरीच चालली होती ना.

कॅब मिळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. दीडला सगळे बार एकदम रिकामे होतात आणि सगळे एकाच वेळी बुक करतात म्हणून भाडं चढतं. बारा-सव्वाबाराला निघा, फरक दिसेल. पबच्या गल्लीत गाड्या अडकलेल्या असतात, ड्रायव्हर आत यायला नाखूश असतो, तर दोनशे पावलं चालत मेन रोडला या आणि ॲपमध्ये पिकअपची पिन तिथली टाका. पिंपरी-चिंचवडकडे राहणारे तीन-चार कलीग असतील तर एकच कॅब करा. घराचा पत्ता दुपारीच ॲपमध्ये सेव्ह करून ठेवा, बसायच्या आधी नंबर प्लेट जुळवा आणि ट्रिप तुम्हाला शेअर करायला सांगा, म्हणजे ताई तुम्हालाही गाडी कुठवर आली ते दिसेल. कधी गाडी न्यावीच लागली तर तासावर ड्रायव्हर मिळतो, तो तुमचीच गाडी चालवून घरी आणून सोडतो.

प्रश्न: दादा, मी पण कॅब चालवतो. रात्री पिलेले कस्टमर येतात, कोणी झोपतं, कोणी उलटी करतं. रात्रीची ड्युटी सोडावी का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: भाऊ, तुमचा वैताग मला पूर्ण कळतो, पण सोडू नका. एकदा मी वारज्याला एका पोराला घेऊन गेलो, पंचविशीचा असेल, मागे गाढ झोपलेला. गेटवर त्याची आई शाल गुंडाळून उभी, तिने दार उघडलं, आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि मग मला विचारलं, चहा घेता का. पहाटेचे दोन वाजले होते. ते काम मला कधी हलकं वाटलं नाही.

बाकी, सीटच्या मागच्या खिशात जाड पिशव्या ठेवा, बसतानाच हातात द्या. घाण झालीच तर लगेच फोटो काढून ॲपवर टाका, काही ॲप सफाईचे पैसे देतात. झोपलेल्या बाईमाणसाला हात लावून उठवू नका, वॉचमनला बोलवा, घरच्यांना फोन लावायला सांगा, काही गडबड वाटली तर ११२. आणि तुम्हाला स्वतःला डुलकी यायला लागली की लॉगआउट, इन्सेंटिव्हच्या दोन राईड राहिल्या असल्या तरी. झोपेत चालवणारा आणि पिऊन चालवणारा रस्त्याला सारखेच.

प्रश्न: आम्ही चार मित्र, तिशीच्या आतबाहेरचे, नाशिकजवळ हायवेच्या ढाब्यावर बसतो. तिथे रात्री ॲपवर कॅब येतच नाही. एक जण पिऊन पण बाईक चालवतोच, ऐकत नाही. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: कॅब येत नाही तर गावातला ओळखीचा रिक्षावाला नाहीतर इको-वाला आधीच ठरवा, जाण्यायेण्याचं भाडं सांगून, चौघांत वाटलं की जड जात नाही. किंवा पाळी लावा, ज्याची पाळी तो त्या दिवशी थेंब घेणार नाही, आणि त्याचं जेवण बाकीच्यांनी द्यायचं. तसं करायचं तर सगळे एकाच गाडीने जा, चार बाईक नकोत. आणि कलम १८८ माहीत असू द्या, पिलेल्याला गाडी चालवायला मदत करणं किंवा चिथावणं ह्याला पण तीच शिक्षा आहे, तेव्हा चल रे काही होत नाही म्हणून त्याच्या हातात चावी देऊ नका. चावी तो शुद्धीत असतानाच घ्या, पहिला पेग भरायच्या आधी, नंतर मागितली की भांडण होतं. आणि परत द्यायची ती सकाळी उठल्या उठल्या नाही, दुपारी जेवण झाल्यावर द्या, का ते वर पेगच्या हिशोबात आलंच आहे.