फासकी, बेडूक आणि घुमट : शिकार रोखण्याविषयी गोव्यातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काजूच्या हंगामात बागेच्या वरच्या अंगाला तारेची फासकी सापडतात. आम्ही ती तोडून फेकून देतो. बरोबर आहे ना? (बागायतदार, सत्तरी)

उत्तर : हेतू चांगला आहे, पण फासकी तोडली की पुरावाही गेला. लावणारा दुसऱ्या दिवशी दहा पावलांवर नवी लावतो. ही तार बहुतेक वेळा दुचाकीच्या क्लचची किंवा ब्रेकची असते. तिचे एक टोक झाडाच्या बुंध्याला नाहीतर खुंटाला बांधतात आणि सरकता फास जमिनीपासून वीतभर उंचीवर, जनावरांच्या रुळलेल्या वाटेत सोडतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या काट्याकुट्यांची बुटकी रांग दिसली आणि मध्येच फट ठेवलेली असली, तर तार त्या फटीत शोधा. एक दिसली म्हणजे आसपास आणखी असणारच. लावणारा सहसा एकच लावून जात नाही.

हात लावू नका. फोनचे लोकेशन चालू करून एक फोटो लांबून, झाडासकट घ्या आणि दुसरा जवळून, शेजारी काडेपेटी ठेवून. तारेची जाडी त्यावरून कळते. जवळची खूण, म्हणजे पाण्याची टाकी, देऊळ, ओहोळावरचा साकव, लिहून ठेवा आणि त्याच दिवशी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात कळवा. फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तार लावणारा त्याच ग्रुपवर असू शकतो. फासात काही सापडलेच पाहिजे असे नाही: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत फास लावणे हीच शिकार आहे.

डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटाही अडकतो, कारण दोघांची वाट एकच. अडकलेला बिबट दिसला तर आधी माणसे मागे हटवा, निदान शंभर पावले. तो हिसके देत असताना तार अचानक तुटू शकते आणि समोरच्या माणसावर झेप येते. पाणी फेकणे, काठीने ढोसणे, व्हिडिओसाठी पुढे जाणे, या प्रत्येक गोष्टीने तो आणखी झटापट करतो आणि तार कमरेत आणखी रुतते. बाहेरून जखम किरकोळ दिसली तरी आतले स्नायू फुटून पुढच्या काही दिवसांत जनावर मरू शकते. म्हणून तार स्वतः कापून त्याला पळवून लावणे ही दया ठरत नाही. बेशुद्ध करून तपासायला पशुवैद्यच हवा.

प्रश्न : पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक धरणारे दिसतात. इतके बेडूक असताना काय बिघडते? (शिक्षिका, काणकोण)

उत्तर : बिघडते ते नेमके त्या रात्रींतच. वर्षभर जमिनीत दडून बसलेले मोठे बेडूक मृगाच्या सरींबरोबर मळ्यात उतरतात ते अंडी घालायला. नर पिवळेधमक होतात, घशाच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, आणि त्यांच्या ओरडण्यावरूनच ते सापडतात. डोळ्यांवर प्रकाशझोत पडला की बेडूक जागीच थिजतो, मग हाताने उचलून पोत्यात टाकायचा. एक मादी हजारो अंडी घालते. ती अंडी घालण्याआधीच पोत्यात गेली, तर त्या शेताची त्या वर्षीची वीण बुडाली, आणि भातावरचे किडे खाणारा भिडूही गेला. हा बेडूक कायद्याने संरक्षित आहे. धरणे आणि विकणे दोन्ही गुन्हा. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात 1987 पासून बंद आहे, पण काही ठिकाणी त्या ‘जंपिंग चिकन’ या नावाने ताटात येतात. मागणी करणारा नसेल तर पोते भरणाराही घरी बसेल. पाहुण्यांना हौसेने खायला नेऊ नका. कुठे मिळते ते कळले, तर जागा, दिवस आणि वेळ वन खात्याला सांगा.

प्रश्न : वाघाने म्हैस मारली तर भरपाईची वाट बघत बसायचे का? (दूध उत्पादक, धारबांदोडा)

उत्तर : राग समजण्यासारखा आहे. दुभती म्हैस म्हणजे घराचा पगार असतो. पण मेलेल्या जनावरावर विष घालण्याचा परिणाम गोव्याने पाहिला आहे: जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेले. वाघ मारलेल्या जनावरापाशी पुन्हा येतो, म्हणून विष त्याच्यापर्यंत पोचते. आणि वाटेत कुत्री, कोल्हे, कावळेही मरतात.

जनावर मेले की हलवू नका, पुरू नका. मानेवरच्या सुळ्यांच्या खुणा, ओढत नेल्याची रेघ, पंजाचे ठसे यांचे फोटो घ्या. त्याच दिवशी वन खात्याला कळवा आणि पंचनामा तुमच्यासमोर होऊ द्या. भरपाई बहुतेक वेळा अडते ती उशिरा कळवल्यामुळे, किंवा शव हलवल्याने जनावर कशाने मेले हे ठरवता न आल्यामुळे. अर्जाची पोच घ्या. तीच पुढे पाठपुराव्याला उपयोगी पडते.

प्रश्न : चवथीच्या आरत्यांसाठी नवे घुमट घ्यायचे आहे. कातडे कशाचे आहे ते कसे ओळखावे? (वाचक, फोंडा)

उत्तर : विचारलेत हे फार चांगले झाले. घुमट म्हणजे मातीच्या घटाला कातडे लावून केलेले वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तिच्या शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. कातडे उजेडात तिरके धरून बघा. घोरपडीच्या कातड्यावर बारीक मण्यांसारख्या खवल्यांच्या ओळी दिसतात. बकऱ्याच्या कातड्यावर खवले नसतात, केसांची बारीक भोके असतात. विक्रेता ‘जुन्या पद्धतीचे, नाद वेगळा’ म्हणू लागला तर घेऊ नका. 2019 मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, आणि बकऱ्याच्या कातड्यावर आरत्या आज सगळीकडे रंगतात.

प्रश्न : घरी पिंजऱ्यात पोपट आहे. सोडून द्यावा का? (विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : आपल्याकडचा रानपोपट पाळणे बेकायदेशीर आहे, पण हाताने वाढवलेला पोपट एकाएकी सोडला तर अन्न शोधता येत नाही आणि कावळे त्याला टोचून मारतात. वन खात्याच्या ताब्यात द्या.

प्रश्न : तक्रार केली की गावात वैर येते. नाव गुप्त राहते का? (वाचक, सांगे)

उत्तर : ही भीती खरी आहे. नाव न सांगताही माहिती देता येते. केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोचा टोल फ्री क्रमांक 1800-11-9334 आहे, आणि ब्युरो माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवतो. रात्री बंदुकीचे बार ऐकू आले किंवा गाडीत मांस भरताना दिसले तर 112 वर फोन करा. स्वतः बॅटरी घेऊन तिकडे जाऊ नका, समोरच्याच्या हातात भरलेली बंदूक असते. फोनवर ‘शिकार चालते’ एवढे सांगून उपयोग नाही. किती वाजता, कोणत्या दिशेला, किती बार, गाडीचा रंग आणि नंबर, गाडी कुठल्या रस्त्याने गेली, एवढे सांगितले तर नाक्यावर अडवता येते. कच्चे मांस एकदा शिजले की ते कोणत्या जनावराचे होते हे सिद्ध करणे अवघड होते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

कळवूनही हालचाल झाली नाही तर लेखी तक्रार द्या. तरीही काही झाले नाही, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 60 दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. तिथे मात्र नाव द्यावे लागते, म्हणून ती एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून, वकिलाच्या सल्ल्याने करावी.