लंडनचा बर्गर, दुधाची अ‍ॅलर्जी आणि ‘नो चीज’

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. ‘मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, लंडनला त्या प्रसिद्ध बर्गरवाल्याकडे जायचंय, चीज काढून मागितलं तर चालेल ना?’ नाही, चालणार नाही. 2022 मध्ये मीही हेच धरून चालले होते.

लंडनच्या सोहो भागातली अशीच एक नावाजलेली जागा. पाऊस, पन्नास मिनिटांची रांग, सात वर्षांचा मुलगा भुकेने कावलेला. आमचा नंबर आला तेव्हा मागे लोक ताटकळत होते. त्यांचा खोळंबा नको म्हणून घाईघाईत ‘चिकन बर्गर, नो चीज’ एवढंच बोलले. अ‍ॅलर्जी हा शब्द तोंडातून निघालाच नाही. काउंटरवरच्या मुलीने चीज काढलं, तिच्या लेखी ती आवडनिवड होती. पण चिकन बटरमिल्कमध्ये, म्हणजे ताकात मुरवलेलं होतं आणि ब्रिऑश पाव लोणी लावून भाजलेला. पावाची कापलेली बाजू तुकतुकीत दिसत होती. मी ती पाहिली आणि तेल असेल म्हणून सोडून दिलं, हे आजही डाचतं. दोन घासांत त्याचे ओठ सुजले, मग आवाज घोगरा झाला. अ‍ॅड्रेनलिनचं पेन, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, मांडीत टोचलं, 999 या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन केला. रात्र हॉस्पिटलात गेली. तो बरा आहे.

म्हणून सांगते, पदार्थाचं नाव घ्यायच्या आधी ‘मिल्क अ‍ॅलर्जी’ हे शब्द उच्चारा आणि मॅनेजरला बोलवा. ब्रिटनमध्ये 14 अ‍ॅलर्जनची, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची, माहिती सुट्या खाण्यासाठीही द्यावीच लागते, 2014 पासून तसा नियम आहे. पण ती तोंडी दिली तरी कायद्याला चालते, आणि गोम इथेच आहे. 2017 मध्ये ग्रीनिचला ओवेन केरी हा मुलगा 18व्या वाढदिवशी ताकात मुरवलेलं चिकन खाऊन दगावला. त्याने अ‍ॅलर्जीची कल्पना दिली होती, तरीही. त्याच्या घरचे लेखी माहितीच्या सक्तीसाठी झगडताहेत. मार्च 2025 मध्ये तिथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ‘लेखीही द्या आणि बोलाही’ अशी मार्गदर्शक सूचना काढली. सूचनाच ती, कायदा नव्हे. तेव्हा अ‍ॅलर्जनचा तक्ता मागा आणि पाव, मॅरिनेड (मुरवणाचं मिश्रण), सॉस, फ्राईज यांची एकेक ओळ स्वतः वाचा. तळणीचं तेल आणि तवा वेगळा आहे का, तेही विचारा. ‘व्हीगन’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. ती अ‍ॅलर्जीची हमी नसते. तक्ता दाखवायला कोणी खळखळ केली तर मी सरळ उठते. माझं हे मत काहींना टोकाचं वाटेल, वाटू दे.

नंतरचा मनस्ताप वेगळाच. त्यांच्या तक्रार विभागाने तीन मेलना एकच छापील उत्तर पाठवलं, ‘आपण अ‍ॅलर्जी कळवली नव्हती’, आणि वर जेवणाचं व्हाउचर! मुलगा ऑक्सिजनवर होता हो! माझी चूक मला मान्यच होती. मेनूत ताकाचा उल्लेख का नव्हता, एवढंच विचारत होते. त्यात चार महिने गेले. तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, फूड सेफ्टी टीमला पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. लिहिलं तेव्हा त्यांनी निदान नीट विचारपूस तरी केली.

मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण पेन दोन ठेवा, तीही हॉटेलच्या खोलीत नाही, अंगावरच्या पिशवीत. आणि प्रवास विम्यात अ‍ॅलर्जी आधीच नोंदवा. तिथे इमर्जन्सी विभागातले उपचार फुकट असतात, पण वॉर्डात दाखल केलं तर परदेशी पाहुण्यांना बिल येऊ शकतं.

शक्यतो दुपारी तीन-चारला जा, स्वयंपाकघर मोकळं असलं की माणसं नीट ऐकतात. जाताना इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड न्या, म्हणजे ते थेट आतल्या आचाऱ्यापर्यंत पोचतं. माझ्याकडे त्याचा मजकूर आहे. मुलीला दुधाशिवाय आणखी कशाची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा, तसा बदल करून इथेच टाकते.